गोव्यात एजंटकडून घर विकताय? आधी घरातल्या सह्या मोजा

एजंटला फोन करायच्या आधी फॉर्म एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद) ताजा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते नीट वाचा, कारण आपल्याकडे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक धरतात, त्यामुळे विक्रीखतावर दोघांचीही सही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या नवऱ्यांच्यासुद्धा! आमचं डिचोलीचं घर विकताना गिऱ्हाईक टोकन घेऊन ओसरीवर बसलेलं आणि उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेलीच नव्हती. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. खूप वाईट वाटलेलं तेव्हा.

एजंट गोवा रेराकडे (घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर असलेलाच बघा, नंबर मागून वेबसाईटवर तपासा. कमिशन किती, कधी द्यायचं, हे आधीच कागदावर घ्या. एकाच घराला पाच एजंट लावू नका हो, प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं काहीतरी गडबड आहे.

घरपट्टीची पावती, वीजबिल, फ्लॅट असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला) आणि सोसायटीचं एनओसी एका फाईलीत ठेवा. एजंटला झेरॉक्सच द्या, ओरिजिनल अजिबात नाही.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा तुम्हाला पैसे देतानाच 1 टक्का टीडीएस म्हणजे आयकर कापतो (तुम्ही एनआरआय असाल तर नियम वेगळे, सीएला विचारा), तो इन्कम टॅक्सच्या वेबसाईटवर तुमच्या नावावर दिसतोय का ते नंतर बघाच. आणि चावी पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच द्या, एजंट कितीही ओळखीचा असला तरी.