पोटरी दुखतेय? तेलाची वाटी घेण्याआधी या चुका टाळा

मावशीच्या घोट्याचं प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरात तिची डावी पोटरी दुखायला लागली. इतके दिवस पाय आखडून पडला होता, दुखणारच, असं घरात सगळ्यांनी धरलं. मावसबहीण रोज रात्री वाटीत तेल कोमट करून पोटरी चोळून द्यायची. चौथ्या दिवशी पोटरीवरची कातडी ताणून चकाकायला लागली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून शिंप्याकडे असते तशी टेप काढली, दोन्ही पायांवर गुडघ्याखाली सारख्या अंतरावर पेनाने खूण केली आणि घेर मोजला. डावी पोटरी चार सेंटिमीटरने जाड भरली. त्याच दिवशी शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी झाली आणि खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली.

एक पाय सुजलेला असताना चोळणं

ही चूक मायेपोटी होते, म्हणूनच ती कळकळीने सांगावीशी वाटते. पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटली, तर ती रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात अडकते आणि जिवावर बेतू शकतं. चोळल्याने ती सुटण्याची भीती असते. दोन्ही पाय दिवसभराच्या कामाने भरून आले असतील तर जरूर चेपून घ्या. पण एकच पोटरी सुजली असेल, हाताला गरम आणि टणक लागत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशन, प्लास्टर, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं, कॅन्सरचे उपचार, गर्भनिरोधक गोळ्या, तासन्‌तास एका जागी बसून केलेला प्रवास, यांतलं काही अलीकडे झालं असेल तर संशय आणखी वाढतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही जोखमीचेच. आपल्याकडे नेमकी याच दिवसांत बाळंतिणीला मालिश करायला बाई येते. तिला आधीच सांगून ठेवा, की एक पाय सुजलेला दिसला तर हात लावायचा नाही, आधी आम्हाला हाक मारायची.

घरी टेप लावून बघायला हरकत नाही. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे नक्कीच धोक्याची खूण. मात्र फरक कमी भरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पाऊल वर ओढून ‘दुखतंय का’ बघण्याच्या परीक्षेवरही विसंबू नका, ती फसवी आहे. पाय दुखत असतानाच अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट १०८ ला फोन करा. मावशीला गुठळीवरच्या गोळ्या तीन महिने घ्याव्या लागल्या. आता ती व्यवस्थित चालते.

थांबलं की बरं वाटतं, म्हणून सोडून देणं

घरापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेलं की पोटरी धरते. दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते. तंबाखू, बिडी, सिगारेट किंवा मधुमेह असलेल्या माणसाने असं सांगितलं की ‘आता वय झालं’ म्हणून उडवून लावू नका. रक्त पोचवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याचं हे लक्षण असू शकतं. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून साध्या तपासणीत त्याचा अंदाज येतो. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर पायाला रक्त कमी पडतंय असं समजतात. अशा पायाला स्वतःच्या मनाने क्रेप बँडेज किंवा घट्ट स्टॉकिंग चढवणं म्हणजे होता तेवढा पुरवठाही आवळणं.

प्रत्येक दुखण्याला ‘सायटिका’ म्हणायची सवयही सोडायला हवी. कण्यातली नस दबली असेल तर नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. फुगलेल्या शिरांचा पाय संध्याकाळी जड होतो आणि उशीवर उंच ठेवला की हलका होतो. याच्या उलट, रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय झोप लागत नसेल तर धमनीचा आजार पुढे गेलेला असतो, तेव्हा दिवस काढू नका. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर हातात काही तासच असतात.

गोळी घेऊन पळणं

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. नडगी दुखायला लागली की मेडिकलमधून गोळी आणतात आणि पळत राहतात. नडगीच्या आतल्या कडेने पसरून दुखत असेल तर पळणं कमी करून, मातीच्या मैदानावर जाऊन बहुधा भागतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, त्यावर दाबलं की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसेलच असं नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पोरांना पुन्हा पळवू नका. तडा पूर्ण तुटला तर भरतीचं वर्ष हातचं जातं. गोळीने दुखणं दबतं, हाड जुळत नाही. शिवाय रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात.

मधुमेह्यांचा शेक

मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असते. गरम पाण्याची पिशवी सोसवतेय असं वाटत राहतं आणि सकाळी फोड दिसतो. असा फोड महिनोन्‌महिने चिघळतो, म्हणून शेक नकोच.

पावसाळ्यातला ताप

भातलावणी करून आल्यावर किंवा शहरात साचलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर काही दिवसांनी ताप येतो, डोळे लाल होतात आणि पोटऱ्यांना हात लावू देत नाही इतक्या त्या दुखतात. हे श्रमाने झालं असं समजून अंगावर काढू नका. कोकणात दर पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) भीती असते, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती. दवाखान्यात गेल्यावर नुसतं ‘ताप आहे, पाय दुखतात’ म्हणू नका. कुठल्या पाण्यात उतरलो होतो आणि किती दिवसांपूर्वी, हे विचारायची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. पायाला तेव्हा जखम किंवा भेगा होत्या का, तेही सांगा.