‘ईझी स्ट्रीट’ची 16 मिमी प्रिंट घेण्याआधी कशी तपासावी

चॅप्लिनच्या 1917 सालच्या या मूकपटाच्या प्रिंट, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या प्रती, पुष्कळ फिरतात. विक्रेता सांगतो ते साल खरं धरू नका.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर घेऊ नका. ॲसिटेट, म्हणजे फिल्मचा प्लास्टिकसारखा पाया, कुजू लागलं की थांबत नाही, आणि ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते.

लांबी मोजा. चित्रपट मुळात दोन रिळांचा. 16 मिमीवर साधारण 700 ते 800 फूट भरायला हवा. एकच 400 फुटी रीळ म्हणजे कापलेली आवृत्ती.

फिल्म आकसली का, ते पट्टीवर पाहा. 100 फ्रेमची लांबी 762 मिमी असते. 7-8 मिमी कमी भरली तर प्रोजेक्टरवर फिल्मच्या कडेची भोकं फाटण्याची भीती.

आता कडेची चिन्हं, म्हणजे फिल्म तयार झाल्याचं साल सांगायला कोडॅकने कडेवर छापलेले आकार. इथेच सगळे फसतात. कोडॅकच्या फिल्मवर एकटं वर्तुळ दिसलं की 1936 म्हणून मोकळं व्हायचं, हा सल्ला चुकीचा. ही चिन्हं दर 20 वर्षांनी फिरून येत: वर्तुळ 1936, 1956, 1976, त्रिकोण 1938, 1958, 1978.

दुसरी अडचण मोठी आहे. निगेटिव्हच्या कडेवरची चिन्हंही प्रिंटवर उतरतात. भिंग आणि लाइटबॉक्स घ्या. नेहमीच्या पॉझिटिव्ह फिल्मवर काळं चिन्ह प्रिंटच्या फिल्मचं. काळ्या कडेवर पारदर्शक उमटलेलं निगेटिव्हचं. समजा वर्तुळ काळं आहे आणि त्रिकोण पारदर्शक. निगेटिव्ह 1938 च्या आधीचं नाही, म्हणजे प्रिंट 1936 ची असूच शकत नाही. 1956 किंवा त्यानंतरची. एकच चिन्ह वाचून पैसे देऊ नका. शिवाय कळतं ते फिल्म तयार झाल्याचं साल, प्रिंट काढल्याचं नव्हे.

साल जुनं म्हणजे चित्र चांगलं, असंही नाही. 1930 च्या दशकात हा चित्रपट संगीत जोडून पुन्हा आला. 35 मिमीवर ध्वनिपट्टीला जागा देताना चित्राची डावी कड जाते, आणि तशा प्रतीवरून काढलेल्या 16 मिमी प्रिंटमध्ये ती परत येत नाही. मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या पाहा: अक्षरं डावीकडे कडेला चिकटलेली आणि उजवीकडे मोकळी जागा असेल तर कड गेलीच. गॅसच्या दिव्यात एरिक कँपबेलचं डोकं अडकवण्याचा प्रसंग पूर्ण चौकटीत बघण्यात जी मजा आहे, ती अशा प्रिंटमध्ये उणावते.

दाखवताना सेकंदाला 18 फ्रेमपासून सुरुवात करा. 24 वर मारामारी नुसती धावपळ वाटते.