लिस्बनची सहल आखताना या चुका टाळा

पोर्तुगालची राजधानी लिस्बन नकाशावर लहान दिसते. बायशा या सखल भागातून साओ जॉर्ज किल्ला सरळ रेषेत एक किलोमीटरही भरत नाही, त्यामुळे घरी बसून यादी करणारा माणूस सकाळी किल्ला, दुपारी पश्चिमेचे बेलें आणि संध्याकाळी शहराबाहेरचे सिंत्रा असे सहज लिहून टाकतो. प्रत्यक्षात हे शहर टेकड्यांवर चढत गेलेले आहे, तिथल्या पायऱ्या पाय मोडून टाकतात आणि तिकिटाच्या रांगा वेळ खातात. म्हणून लिस्बनची आखणी स्थळांच्या यादीवरून न करता वस्त्या आणि चढ-उतार यांच्यावरून करावी, एका दिवशी एकच भाग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सगळे शहर एकाच काळाचे समजणे

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी चर्चमध्ये गर्दी असताना, लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. पाठोपाठ तेजू नदीच्या मुखातून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि नंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथालयासह नाहीसा झाला. आज बायशात दिसणारे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती ही त्यानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या देखरेखीखाली झालेली पुनर्बांधणी आहे. तिथल्या भिंतींच्या आत धक्का सोसण्यासाठी लाकडी सांगाडा बसवलेला असतो.

हे माहीत नसलेला प्रवासी बायशातच मध्ययुगीन लिस्बन शोधत फिरतो. ते सापडते आल्फामाच्या बोळांत, कारण त्या वस्तीचा बराचसा भाग भूकंपातून वाचला. आणि पश्चिमेला बेलेंमध्ये, जे तेव्हा शहराबाहेर होते. कार्मो मठाचे चर्च मात्र छप्पर कोसळलेल्या अवस्थेतच ठेवले आहे. उघड्या आकाशाखालच्या त्याच्या कमानींखाली उभे राहिले की त्या सकाळची कल्पना येते, आणि माझ्या दृष्टीने बायशा पाहण्याआधी तिथे जाणे सर्वांत योग्य. राष्ट्रीय टाइल संग्रहालयात भूकंपापूर्वीच्या लिस्बनचे सुमारे २३ मीटर लांबीचे निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे चित्र आहे. संग्रहालय चालू असेल तर तेही चुकवू नये. याच्या उलट, बेलेंच्या काठावरचे जहाजाच्या आकाराचे ‘शोधांचे स्मारक’ पाचशे वर्षांचे आहे असे समजून लोक तिथे फोटोंत तासभर घालवतात. ते आजच्या रूपात १९६० मध्ये उभारलेले आहे.

चढ पायी आणि उतार वाहनाने

बहुतेक लोक नेमके उलटे करतात. सकाळी उत्साहात आल्फामातून पायऱ्या चढून किल्ल्यावर जातात आणि थकल्यावर खाली येण्यासाठी ट्राम शोधतात. योग्य क्रम असा, की वर जाताना वाहन घ्यावे आणि उतरताना बोळांतून रमतगमत चालावे. प्रासा दा फिगेरा चौकातून ७३७ क्रमांकाची बस किल्ल्यापाशी जाते. बायशातील रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, जी विनामूल्य आहे आणि चढाचा पहिला मोठा टप्पा वाचवते. बरोबर ज्येष्ठ नागरिक असतील तर या लिफ्टची जागा आधीच नकाशावर खूण करून ठेवावी.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम हे अनेकांचे स्वप्न असते. ती चुकवावी असे मी म्हणणार नाही, पण दुपारी मार्तिम मोनिश येथील पहिल्या थांब्यावर रांगेत उभे राहणे ही वेळेची नासाडी आहे, आणि त्या डब्यातील गर्दी खिसेकापूंना फार सोयीची असते. सकाळी लवकर जावे, किंवा दुसऱ्या टोकाला, काम्पु द ओरीक येथे जाऊन तिथून बसावे. पासपोर्ट हॉटेलात ठेवून जवळ त्याची प्रत बाळगावी आणि पाठीवरची सॅक पुढे घ्यावी.

टेकडीवर चढणाऱ्या ग्लोरिया या जुन्या केबल-गाडीला ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात झाला, त्यात प्राणहानी झाली आणि त्यानंतर शहरातील इतर तशा गाड्याही थांबवण्यात आल्या. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून या गाड्यांभोवती दिवस आखू नये.

पादत्राणांविषयी एवढेच सांगतो, की तिथले पदपथ चुनखडीच्या छोट्या गुळगुळीत दगडांचे असतात आणि पाऊस पडल्यावर ते निसरडे होतात. गुळगुळीत तळव्याचे बूट नेऊ नयेत.

बस, ट्राम आणि मेट्रोसाठी नावेगांत नावाचे पुन्हा पैसे भरता येणारे कार्ड मिळते. चौघांच्या कुटुंबाने एकच कार्ड घेतले तर फाटकावरच अडचण होते, कारण प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते.

सोमवारी बेलेंला जाणे

बेलेंमधील जेरोनिमुश मठ आणि लिस्बनमधील बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. गुल्बेंकियन संग्रहालय मंगळवारी बंद असते. रविवारी पोचणारे प्रवासी सोमवारी मोठ्या उमेदीने बेलेंला जातात आणि बंद दारांचे फोटो काढून परततात. सोमवार किल्ला आणि आल्फामासाठी ठेवावा. याशिवाय मोठ्या दुरुस्तीसाठी वास्तू महिनोन्‌महिने बंद राहतात. बेलेंचा मनोराही २०२५ मध्ये असाच बंद झाला होता. त्यामुळे विमानाचे तिकीट काढल्यावर लगेच आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, अशी दोनदा अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी.

जेरोनिमुशमध्ये दुसरी चूक होते ती रांगेची. चर्च आणि मठातील कोरीव ओवऱ्यांचा चौक यांची दारे वेगळी आहेत, आणि चौकाचे वेळेनुसार तिकीट आधी घेतलेले बरे. चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये कोचीला मृत्यू आल्यावर त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेण्यात आले. राजा मानुएल पहिला याने या मठाचे काम सुरू केले ते पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील कराच्या पैशातून. खांबांवर कोरलेले दोरखंड आणि सागरी आकृती पाहताना मलबार आणि कोकणच्या किनाऱ्यावरील त्या व्यापाराची आठवण ठेवली, तर ही वास्तू आपल्यालाही जवळची वाटते.

मनोरा आतून पाहता आला नाही तरी बाहेरून एक गोष्ट जरूर शोधावी. वायव्येकडच्या टेहळणीच्या बुरुजाखाली दगडात कोरलेले गेंड्याचे डोके आहे. ते इतके झिजले आहे की माहीत नसलेल्याला नुसता दगडच वाटेल. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजाने राजा मानुएलकडे पाठवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. युरोपने शतकानुशतके असा प्राणी पाहिलेला नव्हता. शिल्पातला गेंडा तोच असावा, असे मानले जाते. बेलेंची घाईगर्दीची भेट घेणाऱ्यांना हे दिसतच नाही, म्हणून त्या भागाला पूर्ण दिवस द्यावा. परतताना प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयातही थांबता येते. तिथे १५०६ मध्ये घडवलेले बेलेंचे सुवर्णपात्र आहे, ज्याचे सोने वास्को द गामाने पूर्व आफ्रिकेतील किल्व्याहून खंडणी म्हणून आणले होते.

सिंत्राला अर्धा दिवस देणे

रोसियु स्थानकातून सिंत्राची गाडी सुमारे चाळीस मिनिटे घेते, म्हणून अर्धा दिवस पुरेल असा समज होतो. खरा वेळ पुढे जातो. पेना राजवाड्याच्या तिकिटावर छापलेली वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ चालायला जवळजवळ अर्धा तास लागतो. साडेदहाचे तिकीट घेऊन साडेदहाला फाटकावर पोचलेल्याला आत सोडत नाहीत. स्थानकावरून ४३४ क्रमांकाची बस वर जाते, पण तिलाही रांग असते. सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि भाड्याची मोटार वर नेण्याचा विचार सोडून द्यावा, कारण तिथल्या अरुंद रस्त्यांवर खासगी वाहनांवर निर्बंध आहेत.

ताटात काय आले हे न विचारणे

उपाहारगृहात बसताच पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, म्हणजे बिलात येत नाही. शाकाहारी मंडळींनी दोन पदार्थांबाबत सावध राहावे. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचे सूप दिसायला निर्दोष असते, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा तुकडा असतो. कॅफेच्या काचेआड दिसणारा शामुसा हा आपला सामोसाच, पण आत बटाटा असेल असे धरून चालू नये, बहुतेक वेळा खिमा असतो. फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेला पेशिन्युश दा ओर्ता हा पदार्थ मात्र चांगला आधार आहे, जरी पिठात अंडे असू शकते. पास्तेल द नाता या प्रसिद्ध गोड पेस्ट्रीचे सारण अंड्याच्या बलकाचे असते, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कागदपत्रे आणि पहिला दिवस

युरोपातील बहुतेक देशांसाठी सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा असतो. स्पेनमध्ये सहा आणि लिस्बनमध्ये तीन रात्री असतील तर अर्ज स्पेनकडे जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, आणि उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळणेच कठीण होते. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलत असाल तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये तासाभराचे अंतर ठेवणे धोक्याचे आहे. पोचण्याच्या दिवशी वेळेचे बंधन असलेले कोणतेही तिकीट घेऊ नये. हॉटेलच्या भाड्याव्यतिरिक्त तेरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक व्यक्तीला रात्रीमागे ४ युरो शहर कर द्यावा लागतो, तो सात रात्रींपर्यंतच आकारला जातो.

गोव्याशी नाते असलेले काही वाचक तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात पूर्वजांची किंवा जुन्या कारभाराची कागदपत्रे पाहण्याच्या हेतूने लिस्बनला जातात. गोवा आणि लिस्बन यांच्यातील सरकारी पत्रव्यवहाराचे मोन्सोइश ग्रंथ तिथे आहेत. पण ते दालनात मांडून ठेवलेले नाहीत. वाचक म्हणून नोंदणी करून दप्तराचा क्रमांक देऊन कागद मागवावा लागतो. बरीच कागदपत्रे संकेतस्थळावर उपलब्ध असल्याने आधी घरी शोध घ्यावा, क्रमांक लिहून घ्यावेत आणि या कामासाठी शनिवार-रविवार सोडून एक पूर्ण दिवस वेगळा ठेवावा.