कडधान्याचं दाट सूप घरी करायचं तर आधी कट सांभाळा

हॉटेलात सूप मागवलं की बाऊलमधे कॉर्नफ्लॉवरचं चिकट पाणी येतं, वर चार तळलेले नूडल्स, आणि पिऊन झालं की भूक अजून खवळते. आपल्याकडे पोटभरीचं सूप आधीपासून आहेच की, फक्त त्याला कुणी सूप म्हणत नाही. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं कढण म्हणा, मटकीचा कट म्हणा, आमच्या सोलापूर जिल्ह्यातली बाजार आमटी म्हणा, वाडग्यात ओतून प्यायलं की रात्रीचं जेवण झालं. यात कॉर्नफ्लॉवर लागत नाही, क्रीम लागत नाही, दाटपणा त्या दाण्यातूनच येतो, आणि तो कसा आणायचा हेच मी इथं लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, भिजवलेलं पाणी फेकायचं आणि शिजवलेलं पाणी, म्हणजेच कट, जिवापाड जपायचं. आमच्या घरात लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी मटकी शिजवून चाळणीत ओतली आणि पाणी सरळ सिंकमधे सोडलं, तर सासूबाई मागून ओरडल्याच, "अगं काय करलालीस! सगळा कट घालवलीस की!" त्या मंगळवेढ्याच्या, त्यांच्याकडं कट म्हणजे अर्धं जेवण. तेव्हापासून चाळणीखाली पातेलं ठेवल्याशिवाय मी काही गाळत नाही.

आता हुलगा. हे कडधान्य शहरात लोक विसरलेत पण स्वस्त आहे आणि चव अशी की मटण रश्शाची आठवण यावी. पूर्वी बैलांना हुलगं शिजवून घालायचे आणि वरचं पाणी घरात आमटीला यायचं, म्हणून काही लोक नाक मुरडतात, मुरडू दे. गंमत बघा, सोलापुरात तीन भाषा एका गल्लीत राहतात तर हुलगाही तीन नावांनी राहतो. आपण हुलगा म्हणतो, कन्नड घरात हुरळी, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात उलवलु. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का उलवचारू करतात, म्हणजे हुलग्याचंच पाणी पण मंद आचेवर तासन् तास आटवून अगदी काळपट दाट केलेलं, चिंच घालून. मी त्यांच्याकडून एवढंच उचललं की हुलग्याला घाई चालत नाही.

चार माणसांना एक मोठी वाटी हुलगा घ्या, साधारण दीडशे ग्रॅम. याच्यात खडे असतात आणि खडा नेमका हुलग्याच्याच रंगाचा, त्यामुळं नुसतं निवडून भागत नाही, रोळून घ्यावं लागतं. पसरट पातेल्यात हुलगा घालून भरपूर पाणी ओता, पातेलं हलकं गोल फिरवा आणि वर उचललेले दाणे पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात सोडा, परत पाणी घाला, परत फिरवा. चार-पाच वेळा केलं की शेवटी तळाला चिमूटभर दाणे आणि त्यांच्यात लपलेले दोन-तीन खडे उरतात, ते बोटाने टिपून काढायचे. मी एकदा कंटाळा केला आणि नेमका तो खडा सासऱ्यांच्या दाढेखाली गेला, पुढचं सांगत नाही.

रोळलेला हुलगा रात्रभर, दहा-बारा तास भिजू द्या, पाणी दाण्यांच्या तिप्पट तरी हवं. भिजवताना लिटरभर पाण्याला एक चमचा मीठ टाका. मिठाने डाळी शिजत नाहीत असं सगळे सांगतात, खरं उलटं आहे, मिठाच्या पाण्यात साल मऊ पडतं. न शिजण्याचं कारण आंबट असतं. चिंच, टोमॅटो, आमसूल, ताक यातलं काहीही दाणा कच्चा असताना पडलं की तो दाणा तिथंच अडून बसतो, मग मारा कितीही शिट्ट्या. मला हे माहीत होतं तरी एकदा पाहुणे येणार म्हणून घाईत चवळी, टोमॅटो आणि चिंचेचा कोळ सगळं एकदमच कुकरात टाकलं, पाच शिट्ट्या झाल्या, उघडलं तर चवळी टणक, परत चार, तरी तशीच, शेवटी पाहुण्यांना पिठलं भाकरी वाढली आणि ती चवळी दुसऱ्या दिवशी मिक्सरला गेली. आंबट नेहमी शेवटी.

दुसरं कारण पाणी. इथं नळाला रोज पाणी येत नाही, मग बोअरचं वापरलं जातं, आणि बोअरचं पाणी जड, तांब्याच्या आत पांढरा थर बसतो तसलं. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीत बसतं आणि दाणा शिजत नाही. बोअरच्याच पाण्यावर भागवायचं असेल तर ते आधी उकळून गार करा, तळाला पांढरं बसलं की वरचं वरचं ओतून घ्या, सगळा जडपणा जात नाही पण फरक पडतो. जमत असेल तर शिजवायला पुरतं जारचं पाणी वापरा, लिटरभराचा तर प्रश्न आहे. आणि तिसरं कारण म्हणजे जुना माल. डब्यात दोन वर्षं पडलेला हुलगा भिजतो पण मऊ होत नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. सोडा टाकला तर शिजतं हे खरं, पण चव साबणासारखी होते, दाण्याचा गाळ होतो आणि बी-वन जीवनसत्त्वही जातं, म्हणून मी फार अडलं तरच, तेही चिमटीच्या टोकावर मावेल एवढाच.

भिजवलेलं पाणी फेकून हुलगा कुकरात घाला, वर पाच वाट्या ताजं पाणी, थोडी हळद, चमचाभर तेल. तेल विसरू नका, कडधान्याला फेस फार येतो आणि तो शिट्टीच्या भोकात जाऊन अडकतो. कुकर अर्ध्याच्या वर कधीच भरायचा नाही, याला अपवाद नाही. सहा-सात शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, आणि वाफ आपली आपण जिरू द्या. उघडल्यावर दाणा दोन बोटांत दाबला की आतून पिठूळ लागला पाहिजे, साल जरा कडक राहतंच, हुलग्याचा स्वभावच तो.

आता गाळा, खाली पातेलं ठेवून. जे तपकिरी पाणी पडतं ते कढण. शिजलेल्या हुलग्यातला अर्धा भाग बाजूला काढा, उरलेला अर्धा मिक्सरला लावा, सोबत भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे दोन तुकडे, आलं बोटाच्या पेराएवढं आणि थोडं कढण. अगदी गंधासारखं वाटायचं. हा गोळा परत कढणात गेला की तोच तुमचा कॉर्नफ्लॉवर. कितपत दाट हवं ते इथंच ठरतं, सूप म्हणून प्यायचं तर पळी बुडवून काढली की मागच्या बाजूला पातळ थर राहावा, भाकरी चुरायची असेल तर त्याहून पातळ ठेवा कारण भाकरी पाणी ओढते.

फोडणी शेंगतेलाची, दोन चमचे. मोहरी, जिरं तडतडलं की आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, लसूण कडेनं लाल व्हायला लागला की कढीपत्ता, हिंग, आणि लगेच गॅस बंद. मग काळं तिखट, म्हणजे आपला काळा मसाला, एक चमचा सपाट. गॅस चालू असताना तिखट टाकलं तर करपतं आणि ठसका शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जातो. फोडणी कढणात ओता, मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि आता चिंचेचा कोळ एक चमचा, मग दहा मिनिटं उकळू द्या. वरून कोथिंबीर. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, रात्री यात्रेतून गार पडून घरी आलं की हे प्यायचं. उन्हाळ्यात हुलगा उष्ण पडतो असं घरातली मोठी माणसं म्हणतात म्हणून एप्रिल-मेमधे मी मुगाकडं वळते, मूग भिजायला चार तास पुरतात आणि कुकरात तीन शिट्ट्या, बाकी पद्धत तीच, फक्त काळ्या तिखटाऐवजी हिरवी मिरची आणि लिंबू.

मटकीचं जरा वेगळं. तिला मोड हवेत, मोडामुळं चवही गोडसर होते आणि पोटात गुडगुडही कमी. आठ तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात गच्च बांधा. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी बांधली तर संध्याकाळी मोड दिसतात, डिसेंबरात दीड दिवसही लागतो, आणि उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवली तर आंबूस वास येऊन चिकट होते, मग ती फेकायचीच. मोडाची मटकी कुकरात घालू नका, लगदा होतो. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात, वर झाकणात पाणी ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. कट काढून घ्या, मूठभर मटकी वाटून त्यात मिसळा, भाजलेल्या कांद्याचं वाटण थोडं, झालं.

बाजार आमटी हा मात्र सगळा आठवडी बाजाराचा थाट, माणसं जास्त असतील तेव्हा करा. तूर, हरभरा, मसूर, मूग, उडीद अशा पाच डाळी, हरभरा डाळ तेवढी तासभर आधी भिजवा नाहीतर बाकीच्या डाळी विरघळतात आणि ती दाताखाली येते. सगळ्या मिळून दीड वाटी, सहा माणसांना पुष्कळ. शिजवून रवीनं घोटा पण पार एकजीव करू नका, अधूनमधून डाळ लागली पाहिजे. वाटण कांदा, सुकं खोबरं, तीळ, धने, लसूण, आलं, सगळं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून. ते तेलात परतायचं, कडेनं तेल सुटेपर्यंत, इथं तेलात कंजुषी केली तर वर तवंग येत नाही आणि तवंग नसलेली बाजार आमटी म्हणजे नुसतं वरण. काळं तिखट, मग घोटलेली डाळ, मग गरम पाणी, गारच नाही घालायचं, गार पाण्यानं तवंग मरतो. अर्धा तास बारीक आचेवर उकळत ठेवा. खायला ताटात ज्वारीची भाकरी चुरायची आणि वरून आमटी ओतायची, हातानेच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या ज्वारीची भाकरी असेल तर सासूबाई दुसरं काही मागत नाहीत. कडक भाकरीही चालते, ती भिजायला फक्त पाच मिनिटं जास्त द्या.

राजम्याबद्दल एवढं नीट वाचा. मुलांना राजम्याचं सूप आवडतं म्हणून करतो आपण, पण लाल राजम्यात कच्चेपणी एक विषारी प्रोटीन असतं, अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही उलट्यांना पुरतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळी येऊन दहा मिनिटं तरी गेलीच पाहिजेत. कुकरात हे आपोआप होतं. पण ते नवीन इलेक्ट्रिक स्लो कुकर निघालेत ना, मंद आचेवर दिवसभर शिजवणारे, त्यात कच्चा राजमा डायरेक्ट टाकू नका, तेवढी उष्णता पोचत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. आधी गॅसवर उकळा, मग काय ते करा. बाकी कृती सोपी, अर्धा राजमा वाटायचा, अर्धा अख्खा, टोमॅटो शेवटी, जिरं-मिरपूड. मुलांना मी यात काळं तिखट न घालता लोणी घालते.

संक्रांतीच्या आसपास ओला पावटा, ओला हरभरा, तुरीचे दाणे मंडईत येतात, भोगीला भाजीसाठी आणतोच आपण. जास्त आणले तर त्याचंही करा, भिजवायची भानगड नाही, सोलले की थेट पातेल्यात, वीस मिनिटांत शिजतात. यात मसाला घालायचाच नाही, लसूण, जिरं आणि भरडसर कुटलेले शेंगदाणे एवढंच, नाहीतर ओल्या दाण्याची चव दबते.

उरलं तर गार झाल्या झाल्या फ्रिजमधे ठेवा, इथल्या उन्हाळ्यात दुपारचं कढण ओट्यावर राहिलं तर संध्याकाळपर्यंत फसफसतं. दुसऱ्या दिवशी ते थिजून खीर झाल्यासारखं दिसेल, घाबरू नका, कपभर उकळतं पाणी घालून ढवळा, मग एक उकळी आणि मीठ चाखून बघा, पाणी वाढलं की अळणी लागतं. बाजूला काढलेला तो अर्धा हुलगा आठवतोय ना, तो कांदा-लसणावर परतून सकाळच्या डब्यात द्या, वर शेंगाची चटणी भुरभुरून.