जीवनचक्र मूल्यमापन करताय? या चुका टाळा

खाणीतून कच्चा माल निघाल्यापासून वस्तू भंगारात जाईपर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो, हे मोजणं म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन. रोजच्या बोलण्यात एलसीए (लाइफ सायकल असेसमेंट). आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनी त्याची चौकट आखून दिली आहे आणि सॉफ्टवेअरही हाताशी आहे. तरी निष्कर्ष चुकतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते पहिल्याच पानावर चुकतात, जिथे आपण नेमकं काय मोजणार हे लिहिलेलं असतं.

लिटरला लिटर लावू नका

दोन गंजरोधक रंगांची तुलना करायची आहे असं धरा. दुसऱ्या रंगाचा भार लिटरमागे पहिल्याच्या १.४ पट. म्हणजे पहिला चांगला? पहिला ५ वर्षं टिकतो, दुसरा १०. पत्रा २० वर्षं सांभाळायचा तर पहिला चार वेळा लावावा लागेल, दुसरा दोनदा. एका वेळी लागणारा रंग सारखाच असेल, तर हिशेब ४ विरुद्ध २.८ होतो आणि निकाल उलटतो. शिवाय दर वेळी जुना रंग खरवडणं आलंच. म्हणून मोजमापाचं एकक वस्तूचं नको, कामाचं हवं: ‘१ चौरस मीटर पत्रा, २० वर्षं, गंजाविना’. याला फंक्शनल युनिट म्हणतात. ते एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर पुढे जाऊच नका.

कारखान्याच्या फाटकापाशी थांबू नका

पंपाच्या ओतीव लोखंडातले २० किलो कसे वाचवायचे यावर तासन्‌तास चर्चा होते. खरं तर तो पंप वर्षाला ४,००० तास, अशी १५ वर्षं चालणार असतो. तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवणारा दुसरा पंप १० ऐवजी ९.५ किलोवॉट घेत असेल, तर ३०,००० युनिट वीज वाचते. युनिटमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी १५ टन! लोखंडातली बचत यापुढे किरकोळ आहे.

पण हाच नियम सगळीकडे लावू नका. इमारतीचा खांब वीज खात नाही. तिथे सिमेंट आणि पोलाद हेच मोठे वाटेकरी. सिमेंटच्या बाबतीत तर भट्टीचं इंधन बदलूनही भागत नाही, कारण चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो.

पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरतानाही असंच घडतं. गाडीत वजन घटलं की इंधन वाचतं, म्हणून तिथे ते परवडू शकतं. जमिनीवर बोल्टने आवळलेल्या यंत्रात हलकेपणाचा उपयोग काय? शिवाय ॲल्युमिनियम गाळायला किलोमागे साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. ती जलविद्युत की कोळशाची, यावर आकडा कित्येक पटींनी बदलतो. कोष्टकातली सरासरी डोळे झाकून उचलू नका.

भंगाराचा फायदा दोनदा धरू नका

भंगारातून ॲल्युमिनियम बनवताना नव्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणून कच्चा माल पुनर्वापराचा दाखवायचा, आणि आयुष्याच्या शेवटी तो पुन्हा वितळवला जाईल म्हणून वर वजावटही घ्यायची, हा मोह होतो. तोच फायदा दोनदा मोजला जातो. एक पद्धत निवडा आणि तुलनेतल्या सगळ्या पर्यायांना तीच लावा.

फक्त कार्बन पाहणं हीसुद्धा मोठी चूक. पिकापासून केलेलं इंधन कार्बनमध्ये बरं दिसेल. पण त्यामागचं पाणी, जमीन आणि खतांमधून नदीत उतरणारं नायट्रोजन कुठल्या रकान्यात धरलंत?

आकडा विचित्र आला तर

आधी एककं तपासा. वाहतूक टन-किलोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे टनांतलं वजन गुणिले अंतर: ८०० किलोचं यंत्र ५०० किलोमीटर नेलं की ४०० टन-किलोमीटर होतात. एकदा मी वजन किलोतच ठेवलं आणि रकान्यात ४,००,००० गेले. अहवालात ट्रकच सगळ्यात मोठा दोषी ठरला, आणि चूक सापडेपर्यंत दोन दिवस आम्ही जवळचा पुरवठादार शोधत होतो. विजेचंही तसंच: १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

मग वजनाचा ताळा घ्या. १०० किलो पत्रा आत गेला आणि ७० किलोचे भाग बाहेर आले, तर ३० किलो कात्रण कुठे गेली ते कागदावर दिसलं पाहिजे. त्यानंतर सगळ्यात मोठा वाटा असलेली दोन-तीन गृहीतकं, उदाहरणार्थ आयुर्मान किंवा वापराचे तास, २० टक्क्यांनी वर-खाली करून पाहा. तेवढ्यानं पर्यायांचा क्रम बदलत असेल, तर ‘हा पर्याय चांगला’ असं लिहू नका. ‘इतके तास चालला तर चांगला’ असं लिहा.

आणि हे सगळं साचे बनल्यावर करू नका. ड्रॉइंग कच्चं असताना, ढोबळ आकड्यांवर, एका पानात करा. त्या वेळी मोटर बदलायला, जाडी कमी करायला आणि चिकटवण्याऐवजी स्क्रू लावायला कुणाची हरकत नसते.