शोकेसमधली जुनी पांढरी पुतळी: कशी ओळखायची, कशी धुवायची

पहिलं सांगणं एकच: तिला रंग देऊ नका. गणपतीच्या आधी भिंती रंगवून झाल्या की उरलेला ऑइल पेंट शोकेसमधल्या मळकट पुतळीवर फिरतो, हे आमच्या शहापुरात मी पाहिलंय. जे जपायचं तेच त्यानं झाकलं जातं.

चिनी मातीच्या या पुतळ्यांना झिलई मुद्दामच दिलेली नसते. झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. भट्टीत तो वितळून बारीक खाचांत भरतो आणि पापण्या, नखं, कापडाच्या चुण्या बोथट होतात. म्हणून फ्रान्समध्ये व्हाँसेनच्या कारखान्यानं १७५० च्या सुमारास मूर्ती झिलईविनाच ठेवायला सुरुवात केली. १७५६ मध्ये कारखाना सेव्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी फाल्कोने हा शिल्पकार तिथल्या मूर्तिकामाचा प्रमुख झाला. अशा कामाला बिस्क म्हणतात. इंग्लंडात १८४० च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कोपलंड आणि मिंटन या कारखान्यांनी संगमरवरासारखी दिसणारी पॅरियन माती आणली. मोठ्या शिल्पाची हुबेहूब लहान प्रत काढणारं चेव्हर्टनचं यंत्रही तेव्हा हाताशी होतं, त्यामुळे नामांकित शिल्पकारांचं काम साध्या घरांच्या दिवाणखान्यात पोचलं. आपल्या खानापूरची माती भट्टीतून लाल निघते, कारण तिच्यात लोह असतं. या पुतळ्यांची केओलिन नावाची पांढरी माती जवळजवळ लोहाविना, म्हणून भाजल्यावरही पांढरीच राहते.

आमच्याकडची पुतळी आजोबांनी कॅम्पातल्या एका बंगल्याच्या सामानातून घेतली. कणसांची पेंढी घेऊन बसलेली मुलगी आहे. अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये कारागिराच्या सुरीचा बारीक चरा दिसतो आणि भांगाच्या दोन्ही बाजूंच्या केसांच्या रेघा नखाला लागतात. झिलई असती तर यातलं काही उरलं नसतं.

आता ओळख. पुतळी उलटी करा, खाली मऊ टॉवेल असू द्या. बुडाला किंवा पाठीला भोक असेल तर चांगली खूण आहे. भाजताना आतली गरम हवा तिथून बाहेर पडते. बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखानं हलकेच खरवडा. भुकटी निघाली तर प्लास्टर. खरं बिस्क हाताला गार लागतं, नखाला दाद देत नाही आणि बोटानं टिचकी मारली की खणकतं. पॅरियनच्या पातळ भागामागे मोबाइलचा टॉर्च धरा, उजेड झिरपतो. कारखान्याचं नाव बहुधा मातीतच दाबलेलं असतं. उगवत्या सूर्याचा छाप असेल तर जर्मनीतल्या ह्यूबाख कारखान्याचा विचार करा. ‘जर्मनी’ असं छापलेलं असेल तर पुतळी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेला जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं तेव्हापासून सक्तीचं झालं.

धुण्याआधी जोड शोधा. मान, मनगट, पंखांचं मूळ इथं पिवळट-तपकिरी रेघ दिसली तर जुना डिंक आहे. अशी पुतळी पाण्यात घालायची नाही, ओल्या कापसाच्या काडीनं थोडी थोडी पुसायची. रंगीत गाल-ओठ असतील तर आधी काडी फिरवून तिच्यावर रंग येतो का ते बघा.

जोड नसेल तर कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी घ्या. पुतळी आधी साध्या पाण्यात भिजू द्या, म्हणजे बारीक छिद्रं पाण्यानं भरतात आणि मळ आत ओढला जात नाही. मगच सौम्य साबणाचा थेंब आणि ब्रश. लिंबू, चिंच, ब्लीच, भांड्यांची पावडर यातलं काही नको. शेवटी दोन-तीन पाण्यांतून काढून भोक खाली करून निथळत ठेवा. हे काम फाल्गुन-चैत्रात करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतली ओल हटत नाही, वर बुरशी येते.

हळदीचा वेगळा विषय आहे. आमच्या आत्यानं लक्ष्मी समजून वर्षानुवर्षं शुक्रवारी या मुलीच्या पायांना हळदकुंकू लावलं. बोटं पिवळी झाली होती. साबणानं काही झालं नाही. गच्चीवरच्या उन्हात ठेवल्यावर पिवळेपणा फिका पडत गेला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकवाचा एक ठिपका मात्र राहिला. तो मी काढणार नाही, आत्याचा हात आहे तो.

ठेवायला काचेचं दार असलेलं कपाट हवं. समईच्या काजळीपासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब. तेलकट हातानं उचलू नका. धरायची ती बुडाला आणि कमरेला, हाताला किंवा डोक्याला नव्हे.

बोट तुटलंच तर झटपट चिकटणारा गम वापरू नका, जोड वाकडा बसला की सुटत नाही. तुकडा बसतो का म्हणून घासूनही बघू नका, कडा झिजतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवा आणि जुन्या चिनी मातीचं काम येणारा माणूस मिळेपर्यंत तसंच सोडा.