इंदूरच्या न्यायालयातील प्रकरणाची माहिती घरबसल्या कशी शोधावी

रामबागेतील वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा असो किंवा भाडेकरूशी चाललेला वाद, पुढील पेशी कधी आहे एवढेच विचारायला वकीलसाहेबांना वारंवार फोन करण्याची आता गरज नाही. ही माहिती ‘ईकोर्ट्स सर्व्हिसेस’ या सरकारी संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर विनामूल्य मिळते. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा आहे ना, हे आधी पाहावे. नुसती तारीख सांगण्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नये.

प्रकरण नेमके कोठे चालू आहे, हे प्रथम निश्चित करावे. जिल्हा न्यायालयाची आणि महू, देपालपूर, सांवेर येथील न्यायालयांची प्रकरणे ईकोर्ट्सवर जिल्हा न्यायालयांच्या विभागात सापडतात, परंतु उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातील अपील किंवा रिट याचिका तेथे शोधून उपयोग नाही. त्यासाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर, जबलपूर आणि ग्वाल्हेर सोडून इंदूर निवडून शोध घ्यावा. तहसील कार्यालयातील नामांतरणाचे प्रकरण महसूल न्यायालयाचे असल्याने ते आरसीएमएस या वेगळ्या पोर्टलवर पाहावे लागते. ‘आमचे प्रकरण दिसतच नाही’ अशी तक्रार बरेचदा या घोटाळ्यातूनच उद्भवते.

हाताशी सीएनआर क्रमांक असेल तर काम अगदी सोपे आहे. अक्षरे आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा हा क्रमांक प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र असतो. तो मोकळी जागा किंवा आडवी रेघ न घालता टंकित करावा आणि चित्रातील अक्षरे भरली की प्रकरणाची स्थिती, मागील तारखा व पुढील पेशी समोर येते. एकदा सापडलेले प्रकरण ॲपमध्ये जतन करून ठेवावे.

क्रमांक नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधावे. येथे मराठी नावांची खरी पंचाईत होते, कारण रोमन लिपीत देशपांडे, मुळ्ये किंवा वैद्य हे आडनाव लिपिकाने कोणत्या वर्णांनी लिहिले असेल, याचा नेम नसतो. म्हणून पूर्ण नाव न घालता वादाची शक्यता नसलेली सुरुवातीची अक्षरेच द्यावीत (किमान तीन आवश्यक आहेत), नोंदणीचे वर्ष भरावे आणि प्रलंबित की निकाली याची खात्री नसल्यास दोन्ही प्रकार निवडावेत. तरीही न मिळाल्यास विरुद्ध पक्षाच्या नावाने पाहावे. फौजदारी प्रकरण पोलीस ठाणे व एफआयआर क्रमांकावरूनही शोधता येते.

अपलोड केलेले आदेश आणि निकाल उतरवून वाचता येतात, मात्र ती प्रमाणित प्रत नव्हे. अपिलासाठी किंवा बँकेत देण्यासाठी अधिकृत नक्कल हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात रीतसर अर्ज करून शुल्क भरावे लागते. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि नक्कल तयार होण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो, त्यामुळे अर्जाची पावती जपून ठेवावी. पेशीच्या आदल्या संध्याकाळी दैनिक कार्यसूचीही पाहून घ्यावी.

इंटरनेट वापरणे जमत नसेल तर न्यायालयांतील ई-सेवा केंद्रात हीच माहिती विचारता येते. वकील करण्याची ऐपत नसल्यास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. महिलांना या मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.